मी अशक्य म्हटलेली अळी

वऱ्हाडात मी गेले ती अळ्या आणायला. गुलाबी बोंडअळ्या, जिवंत, मिळतील तितक्या. परत आल्यावर शेजारणी विचारू लागल्या, संत्री आणलीस का, चिखलदरा पाहिलास का. दोन्ही नाही. पाच दिवस मी कापसाच्या ओळींतून वाकून हिंडले, हिरवी बोंडं चाकूनं चिरत राहिले, आणि आत काहीतरी हललं की मला बरं वाटायचं. ज्यांच्या शेतात ते हलत होतं त्यांच्यासमोर हे बरं वाटणं दाखवायची सोय नव्हती. म्हणून मान खाली घालून डबी बंद करायची.

पण अळ्या हे ऑफिसचं काम. माझं स्वतःचं एक काम त्या प्रवासात होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दर्यापूर तालुक्यातल्या एका माणसाची मला माफी मागायची होती.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत किडे वाढवते. ऐकायला विचित्र वाटतं, पण वीस वर्षं हीच नोकरी आहे. हरभऱ्याचं पीठ आणि सरकीचा भुगा शिजवून वड्या पाडायच्या, एका छोट्या कपात एक वडी आणि एक अळी. अळीचा कोष, कोषाचं पाखरू, पाखराची अंडी, अंड्यांतून पुन्हा अळी. महिनाभरात एक पिढी उलटते. आमच्या बोंडअळ्यांचे पूर्वज अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी शेतातून आणले होते. तेव्हापासून शंभरावर पिढ्या त्या एकाच खोलीत जन्मल्या, सारख्या उजेडात, सारख्या उबेत. त्यांची पाखरं आता धड उडतसुद्धा नाहीत. उडायची वेळच त्यांच्यावर आलेली नाही.

बीटी कापूस म्हणजे ज्याच्या पानाबोंडांतच अळीला मारणारं विष तयार होतं तो. त्या कापसाचा चुरा वडीत मिसळून अळ्यांना घालायचा आणि आठवड्यानं किती जगल्या ते पाहायचं, हेही माझ्याकडेच. अळ्या मरायच्या. दर वेळी. निकालाच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'मेल्या' हा एकच शब्द लिहीत आले.

तीन वर्षांपूर्वी दर्यापूरकडून एक पार्सल आलं. पेढ्यांचा रिकामा डबा, त्यात फडक्यात गुंडाळलेली सहा बोंडं आणि सुबक अक्षरातली चिठ्ठी. 'माझ्या शेतातल्या बीटी कापसात ही अळी आहे. ती जिवंत आहे. कृपया पाहावे. रशीद नद्दाफ.' पार्सल वाटेत कुठेतरी पडून राहिलं होतं. बोंडांना बुरशी आलेली, अळ्या सुकून काळ्या. एकही बोंड न चिरता मी डबा टाकून दिला आणि ऑफिसच्या कागदावर उत्तर लिहिलं की बीटीच्या बोंडात गुलाबी अळी जगणं अशक्य आहे, आपलं बियाणं बनावट असावं. साहेबांची सही घेतली, खाली संपर्कासाठी म्हणून माझं नाव घातलं. दहा मिनिटांचं काम.

मग तो हंगाम आला, ज्याला वऱ्हाडात नुसतं 'बोंडअळीचं वर्ष' म्हणतात. टीव्हीवर शेतकरी बोंडं फोडून दाखवत होते. साहेब म्हणाले, शेतातल्या ताज्या अळ्या हव्यात, कोण जाईल? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.

भातकुली

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा डिसेंबरच्या थंडीनं बोटं वाकत नव्हती. अमरावतीत उभ्या उभ्या गिलावडा खाल्ला. दह्याखाली लपलेलं तिखट इतकं होतं की माझ्या चिपळूणच्या जिभेनं हात टेकले. मग काळीपिवळीत, म्हणजे इथल्या वडाप जीपमध्ये, बसून भातकुली गाठली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती आणि कापूस. आमच्या कोकणात डोळा दहा पावलांवर कशाला तरी अडतो, डोंगराला नाहीतर फणसाला. इथे काही अडवतच नाही. मला त्या मोकळ्या जागेत उगाच धडधडत होतं.

ठरवून दिलेलं शेत जिजाबाईंचं होतं. त्या वांगी आणि शेवंती पिकवून अमरावतीच्या बाजारात विकतात, बाकी तुकड्यात कापूस. पन्नाशीच्या, उंच, बोलायला फटकळ.

"कोनती अळी पाह्यजे तुमाले?" त्यांनी विचारलं. "मेली का जित्ती?"

"जिवंत."

"मंग काई काळजी नाई. मेली शोधाले आल्या असत्या तं पंचाईत होती."

त्यांनी एक फूल तोडून हातावर ठेवलं. उमललंच नव्हतं ते. पाकळ्या आतून कुणी धाग्यानं शिवल्यासारख्या मिटून होत्या, गुलाबाच्या कळीसारख्या. याला डोमकळी म्हणतात. पाकळ्या सोडवल्या तर आत अळी. मी पुस्तकात चित्र पाहिलं होतं, हातात पहिल्यांदा घेतली. बोंडांचं तर आणखी फसवं. अळी इतकी लहान असताना आत शिरते की भोक बुजून जातं. बाहेरून बोंड टवटवीत, चिरलं की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडून कवडीसारखा घट्ट झालेला. मी पहिली दहा बोंडं चिरली. आठांत अळ्या. माझ्या खोलीतल्यांपेक्षा या जाड आणि चपळ होत्या, चिमट्यात धरली की अंग पिळायच्या.

शेताच्या एका कोपऱ्यातली झाडं मात्र चमत्कारिक होती. एक कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याला, तिसऱ्याला बोंडंच नाहीत.

"घरची सरकी पेरली थ्या कोपऱ्यात," जिजाबाई म्हणाल्या. "मागच्या साली पीक कसं येकसारखं व्हतं. यंदा पाहा, एक झाड आजोबा, एक नातू. काऊन असं झालं, सांगा बरं."

मी बांधावर बसले आणि आमच्याकडचं उदाहरण दिलं. चिपळूणला हापूसची कोय पुरली तर हापूस येत नाही, कसलातरी रायवळ येतो. म्हणून आम्ही कलम बांधतो. संकरित कापसाचंही तसंच. आईबाप दोन वेगळ्या जातींचे, पहिली पिढी एकसारखी; तिची सरकी पेरली की दोन्ही घराण्यांचे गुण फुटून वेगवेगळे होतात. अळीला मारणारा गुणसुद्धा. एकाच बोंडातल्या चार सरक्या घेतल्या तर साधारण तिनांत विष असतं, एकीत नसतं. अळी विष नसलेल्या सरकीवर पोसते, दांडगी होते, मग जाता जाता विषाची चव घेते. ज्यांना ते सोसतं त्या उरतात.

"मंजे अळी हुशार झाली."

"हुशार नाही झाली, जिजाबाई. लाखांत एखादी आधीपासूनच चिवट असणार. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पोरं तिच्यासारखी. आणि महिन्याला एक पिढी."

जिजाबाईंनी चावत असलेली गवताची काडी थुंकून टाकली. "मंग मारता मारता आपनच थिले निवडून देल्ली, मना नं."

आमच्या ऑफिसातल्या बैठकांत ही गोष्ट इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेली मला आठवत नाही.

दुपारी त्यांनी भाकर आणि चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत वाढलं. "सांबार टाकू वरून?" मी घाईघाईनं नको म्हटलं, भाकरीवर सांबार ही कल्पना झेपेना. त्यांनी मूठ उघडून कोथिंबीर दाखवली तेव्हा घरातल्या सगळ्या बाया हसल्या. इथे कोथिंबीर म्हणजे सांबार.

जीपमधली अळी

चार दिवस तिथलीच शेतं हिंडून पाचव्या दिवशी निघाले, तेव्हा दर्यापूरच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर बोंडांची कापडी पिशवी होती. वाळत चाललेल्या बोंडातून पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडते आणि कोष करायला जागा शोधते, हे मी नव्या मुलींना शिकवत असते. तरी पिशवीचं तोंड नुसतं दुमडलं होतं.

"ओ बाई, तुमच्या खांद्यावर!" मागची म्हातारी ओरडली.

गुलाबी, चांगली टपोरी अळी माझ्या शालीवरून मानेकडे निघाली होती. शेजारच्या माणसानं चप्पल काढली.

"मारू नका!" मी किंचाळले. "मारू नका, माझी आहे ती!"

जीप अक्षरशः थांबली. ड्रायव्हरनं वळून पाहिलं. चौदा माणसं, प्रत्येकाच्या घरी कापूस, आणि मी त्या अळीला दोन बोटांत जपून उचलून डबीत ठेवते आहे. कुणी हसलं नाही. चप्पलवाल्यानं चप्पल सावकाश पायात घातली.

"आमी सालभरापासून हिले मारून राहिलो," तो म्हणाला, "अन् तुमी वाचवून राहिल्या."

मी सांगायचा प्रयत्न केला, ही कशी जगते ते शोधायला नेतेय. त्यानं ऐकून घेतलं, पण उरलेली वाट खिडकीबाहेर बघत काढली. मीही पिशवीचं तोंड मुठीत आवळून बसले. मला सारखं वाटत होतं, उतरावं आणि चालत जावं.

रशीदभाईंचं घर

गाव दर्यापूरपासून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरींना खारं पाणी, पिकाला देता येत नाही आणि चहालाही एक खारट झाक. पुढे रशीदभाईंकडे चहा झाला तेव्हा पहिला घोट घेऊन मी कपात पाहिलं, तशी घरातून आवाज आला, "दूध खराब नाई हाय, पानीच तसं हाय."

त्या रुकय्याभाभी, रशीदभाईंच्या पत्नी. घरात आपसांत उर्दू, माझ्याशी वऱ्हाडी. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र आणि भिंतीला टेकून अर्ध्या भरलेल्या गाद्या. रशीदभाई साठी ओलांडलेले, किडकिडीत, भुवयांवर कापसाचे तंतू. तीन पिढ्या गाद्या-रजयांचा धंदा, जोडीला पाच एकर शेती.

आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला की आधी 'कोण पाहिजे' विचारतात. इथे आधी 'बसा'. मी बसले नाही. आदल्या दिवशी फोनवर नाव आणि अळ्या हव्यात एवढंच सांगितलं होतं; आता दारात उभी राहूनच घडाघडा बोलून टाकलं की मी पुण्याची, तुमच्या पार्सलला उत्तर आलं ते मीच लिहिलं होतं.

"मालूम हाय," ते म्हणाले. "फोनवर तुमी नाव सांगतलं तवाच समजलो. बसा. चाय घ्या. मंग जेवा. मंग बोलू."

अर्ध्या भाकरीवरच मी हात आवरला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. एरवी मी दोनदा मागून घेतलं असतं. जेवण होईपर्यंत त्यांनी पुण्याच्या पावसाविषयी विचारलं. मग हात धुऊन, पंच्यानं पुसून, सरळ विषयाला आले.

माझं पत्र त्यांनी गावात दाखवलं नव्हतंच. पोस्टमननं ते चुकून बाबारावांच्या घरी टाकलं. बाबाराव म्हणजे बांधालगतचे शेतकरी, शेततळं असलेले गावातले एकमेव, रशीदभाईंचे शाळेपासूनचे दोस्त. बाबारावांनी ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोठ्यानं वाचलं. त्याआधी महिनाभर रशीदभाई लोकांना सांगत फिरत होते की यंदा डिसेंबरातच कापूस उपटा, अळी आत शिरली आहे, तिला उन्हाळ्यापर्यंत खायला ठेवू नका. पत्र वाचून झाल्यावर बाबाराव म्हणाले, "पुन्याचे लोक मनतात अळी नाई. पिंजाऱ्यानं गाद्या भराव्या, शेती आमाले समजते."

"हसले सारे," रशीदभाई म्हणाले. "बाबाराव बी हसला. मले लोकायचं काई वाटलं नाई. त्याचं वाटलं."

तेव्हापासून दोघं बोललेले नाहीत. बाबारावांनी शेततळ्याच्या पाण्यावर कापूस मार्चपर्यंत उभा ठेवला, बाकीच्यांनी जमेल तितका ओढला. याला फरदड म्हणतात, वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, न उपटता आणखी बोंडं घेणं. अळीला वर्षभर घर मिळालं. रशीदभाईंनी आपलं बीटी उपटलं आणि भाभी वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात जपत आलेला गावरान कापूसच सगळीकडे लावला. एकट्याच्या पाच एकरांनी काय होणार?

मी म्हटलं, "माझं चुकलं. मी बोंडं चिरून पाहिली नाहीत, न पाहता लिहिलं."

त्यांनी मान हलवली. "अळ्या पाह्यजे तुमाले. भेटतीन. बाबारावच्या वावरात गंज हायत, लागन तितक्या. पन एक गोष्ट करा लागन. हे जे मले सांगून राहिल्या, थे ओट्यावर सांगा. साऱ्याईले."

मी लगेच हो म्हणू शकले नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे. ऑफिसच्या परवानगीशिवाय असं काही बोलणं म्हणजे नोटीस. निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली. विचार करते म्हटलं आणि उठून बाहेर पडले.

घरामागेच त्यांचं शेत. रुकय्याभाभी गावरान कापसाची शेवटची वेचणी करत होत्या. मी त्यांच्याबरोबर वेचू लागले, हात रिकामे ठेवणं अशक्य होतं. या कापसाची बोंडं लहान आणि सगळी खाली तोंड करून लटकलेली.

"असं का?" मी विचारलं.

"अठरा वर्सांपासून मी हेच करते. आवकाळी पानी आलं तं वर तोंड असलेल्या बोंडात पानी भरते, कापूस काळा पडते. ज्याचं खाली तोंड, त्याचं पानी निथळते. मी थ्याच झाडाची सरकी ठेवते. पयले दहातले दोन होते असे. आता पाहा."

मी ओळीच्या शेवटापर्यंत पाहत गेले. एकही बोंड वर पाहत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, पगार नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. दर वर्षी प्रत्येक झाडापाशी जाऊन वाकून पाहिलं होतं, एवढंच. आणि मी सहा बोंडांतलं एक चिरूनही पाहिलं नव्हतं.

"भाभी, लोक जमायची वेळ कोणती?" मी विचारलं.

"पाच वाजता. दूध घालाले येतात सारे."

ओटा

साडेपाचला ऊन उतरलं होतं. पंचवीस-तीस माणसं, दुधाचे डबे घेऊन आलेल्या बायका. बाबाराव ओट्याच्या कडेला पाय सोडून बसलेले. धिप्पाड, पांढऱ्या मिश्या. रशीदभाई तीन वर्षांत प्रथमच तिथे आले होते, पण रस्त्यापलीकडे उभे राहिले.

भाषण मला येत नाही. मी सांगितलं की पत्रावर नाव असलेली बाई मीच. आमच्या अळ्या खोलीत वाढतात, शंभर पिढ्या त्यांनी शेत पाहिलेलं नाही, त्या मरतात म्हणून तुमच्याही मरतील असं मी धरून चालले. रशीदभाईंनी पाठवलेली बोंडं मी चिरून पाहिली नाहीत. ते बरोबर होते. मी चूक होते.

बाबाराव उठले. "मंजे तवा तुमी खोटं लिवलं?"

"खोटं नाही. न बघता लिहिलं."

"आमच्यासाठी एकच झालं ना थे!"

तेवढ्यात दुधाचा डबा खाली ठेवून एक बाई पुढे आली. "माफी तुमची तुमच्यापाशी ठेवा, मॅडम. आता काय करावं थे सांगा."

मी म्हटलं, "पऱ्हाटी उपटा. या आठवड्यात. सगळ्यांनी, एकाच वेळी. एकाचं जरी उभं राहिलं तरी तिथे अळीची पिढी वाढते आणि पुढच्या हंगामाला पुरते."

"हिरवे बोंडं हायत अजून झाडाले," बाबाराव म्हणाले. "माया वावरात तं एक वेचनी सहज निंगन."

मी म्हटलं, तोडून आणा. एकजण धावत जाऊन त्यांच्याच शेतातली टोपलीभर बोंडं घेऊन आला. मी ओट्यावर मांडी घातली आणि चाकू काढला. पहिलं चिरलं, अळी. दुसरं, दोन अळ्या. तिसरं चांगलं निघालं, तेव्हा बाबारावांनी मान वर केली. चौथं, पाचवं, सहावं. कुणी मोजत नव्हतं. मला थांबता येईना, सालं आजूबाजूला पडत होती. टोपली अर्धी झाली तेव्हा बाबाराव म्हणाले, "बस."

एवढंच. टोपली तिथेच टाकून ते निघून गेले. लोकही पांगले. रस्त्यापलीकडे पाहिलं तर रशीदभाई नव्हते. मला वाटलं, संपलं. ओट्यावरच्या अळ्या मी डब्यांमध्ये भरल्या. माझं काम तेवढं झालं होतं.

सकाळ

रात्री रशीदभाईंकडेच राहिले; सकाळी आठच्या बसनं अकोल्याला निघायचं होतं. रुकय्याभाभींनी भाकऱ्या बांधल्या. रशीदभाई मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले, अळ्यांच्या डब्यांची एक पेटी त्यांच्या हातात, एक माझ्या. वाट बाबारावांच्या बांधावरून जाते.

शेतात बाबाराव एकटेच होते. पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा बुंध्याला लावायचे, दांडा दाबायचे आणि झाड मुळासकट वर काढायचे. दोन ओळी आडव्या झाल्या होत्या. हिरवी बोंडं तशीच झाडाला. थंडीतही सदरा घामानं पाठीला चिकटलेला. चिमटा सारखा निसटत होता, तिसऱ्यांदा निसटला तेव्हा ते शिवी देऊन तो पुन्हा लावू लागले.

रशीदभाई थांबले. पेटी बांधावर ठेवली. मला वाटलं, आता काही बोलणं होईल. ते शेतात उतरले, जवळ जाऊन चिमट्याकडे पाहिलं.

"ढिला हाय हा तुया," ते म्हणाले. "माया आन घरून."

बाबारावांनी वर पाहिलं. "कोठी ठेवला?"

"मशीनमागं. भाभीले माग."

बाबाराव निघाले. माझ्याजवळून जाताना मान हलवून पुढे झाले. रशीदभाईंनी बाह्या वर केल्या आणि तो ढिला चिमटा पुढच्या बुंध्याला लावला. मागे न पाहताच मला म्हणाले, "मॅडम, फाटा समोरच हाय. जाता येईन ना?"

दोन्ही पेट्या घेऊन मी एकटीच फाट्यावर गेले.

अकोला, आणि पुढे

अकोल्याला गाडी चार तास उशिरा होती. दुपारी फलाटावर ऊन सरकत यायचं तसतशा मी पेट्या सरकवत होते. भाकऱ्या तिथेच खाल्ल्या. बाजूच्या बाकावरच्या कुटुंबानं विचारलं, पेट्यांत काय आहे. मी खरं ते सांगितलं. त्यांनी बाक बदलला. रात्रभर गाडीत मला धड झोप लागली नाही. दर स्टेशनाला उठून झाकणं तपासत होते.

प्रयोगशाळेत आणलेल्या अळ्या थेट विषाच्या वडीवर घालता येत नाहीत. मोठी अळी काटक असते, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. त्यांचे कोष होऊ दिले, पाखरं निघाली. तीनदा जाळीवर आपटून पळायचा प्रयत्न केला त्यांनी, आमच्या पाखरांसारखी बसून राहिली नाहीत. अंडी घातली. अंड्यांतून केसाएवढ्या अळ्या निघाल्या, तेव्हा अर्ध्या कपांत खोलीतली जुनी पिलं आणि अर्ध्यांत दर्यापूरची, दोघांनाही तीच बीटीची वडी.

सातव्या दिवशी मी वेळेच्या आधी तासभर गेले. साहेबांना सगळं सांगून झालं होतं, ओट्यावरचंही. ते चिडले, लेखी खुलासा मागितला. तो दिला. पण त्या सकाळी खोलीत मी एकटी होते. पहिला कप आमच्याकडचा, अळी मेलेली. दुसरा तसाच. मग दर्यापूरचा कप उघडला. वडीला भोक पडलेलं. ब्रशानं हलकेच टोकरलं तर आतून अळी मागे सरकत बाहेर आली, डोकं हलवलं आणि पुन्हा आत शिरली. पुढचा कप, जिवंत. त्याच्या पुढचा, जिवंत.

मी हातमोजे काढले आणि तिथूनच फोन लावला. पलीकडे वारा होता, माणसांचे आवाज होते आणि कुणीतरी ट्रॅक्टरवर ओरडत होतं.

"रशीदभाई, मी पुण्याहून. ऐकू येतंय का?"

"बोला, बोला. गावच्या पऱ्हाट्या जमा करून राहिलो. भुसा कराची मशीन आली. चार घरं राह्यली फक्त. बाबाराव गेला त्याईच्या दारात बसाले."

"रशीदभाई, अळ्या जगल्या. विष खाऊनही जगल्या. मी डोळ्यांनी पाहिल्या."



"हे आमाले मालूमच व्हतं, मॅडम," ते म्हणाले. "आता तुमाले मालूम झालं, हे बरं झालं."